एक वेदी, दोन मंडळ्या आणि एका कपाटाची किल्ली (आमच्या लुथरन मंडळीचं येतं वर्ष)

घोरपडीकरीण

सलाम मंडळी. देवळातल्या लोखंडी कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, यावर गेल्या रविवारी आमच्याकडे सव्वा तास चर्चा झाली. म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. आमची लुथरन मंडळी लहान आहे, चाळीसेक घरं. स्वतःची इमारत नाही. घोरपडीच्या बाजूला एका मराठी मंडळीच्या देवळात आम्हाला रविवारी दुपारी चार ते सहा जागा मिळते. भाडं घेत नाहीत. विजेच्या बिलात आमचा वाटा आणि झाडूवाल्या मावशींचा निम्मा पगार, एवढंच. त्यांची उपासना सकाळी साडेआठला.

आमच्यात निम्मे तेलुगू, बाकी तमिळ, झारखंडकडचे आणि माझ्यासारख्या लग्न करून आलेल्या दोनचार मराठी बायका. माझं माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनमधलं. आजोबा पेटी काढून अभंगाच्या चालीवर भजनं म्हणायचे. सासर गुंटूरचं. सासऱ्यांनी लग्नाआधी मला लुथरची छोटी प्रश्नोत्तरी वाचायला लावली होती, मी ती लोकलमध्ये उभ्यानं पाठ केली.

दर वेळी विचारलं जातं म्हणून सांगते. लुथर म्हणजे अमेरिकेतले गांधीवादी नेते मार्टिन लुथर किंग नव्हेत. ज्यांच्यावरून त्यांचं नाव ठेवलं गेलं ते जर्मन संन्यासी. १५१७ च्या ३१ ऑक्टोबरला क्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले ते. मराठी ख्रिस्ती माणसाला लुथरन फारसे भेटत नाहीत. १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्या मिळून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय झाली. त्या सहांत लुथरन नव्हते.

आता मुद्दा. आम्हाला पूर्णवेळ पाळक नाही. महिन्यातून एकदा बाहेरगावाहून एक पाळकसाहेब येतात, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस) देतात आणि रात्रीच्या गाडीनं परत जातात. सकाळच्या मंडळीचे पाळक एकटे आहेत, त्यांच्याकडे आणखी दोन मंडळ्या. तर येत्या वर्षी काही सेवा एकत्र करावी असा विषय निघाला आहे. संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या बुधवारच्या सभा, आणि जमलं तर महिन्यातून एक रविवार दोघांची एकच उपासना. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे. काय मागावं, काय सोडू नये, सांगा. दोन्ही बाजूंचे लोक इथे वाचतात हे मला माहीत आहे, तेव्हा जपून पण खरं लिहा.

खडूस_काका

पहिला प्रश्न, येतं वर्ष म्हणजे कोणतं? जानेवारीचं, एप्रिलचं की आगमनकाळाचं? तुमची सभा चर्चच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, अंदाजपत्रक एप्रिलपासून, आणि संकल्प सगळे एक जानेवारीचे. तीन वर्षं एकदम चालू असल्यावर कुठलंच पुरं होत नाही.

घोरपडीकरीण

काका, तुम्ही हिशेब तपासायचात ते कळतंय. आगमनकाळापासून मोजा.

तेनालीचा_पुणेकर

ताई, मी तुमच्याच मंडळीतला. तुम्ही ओळखलंच असेल.

माझा थोडा विरोध आहे आणि तो किल्लीपेक्षा मोठा आहे. १८४२ मध्ये हेयर नावाचे पाळक गुंटूरला आले. आमच्या घरात पाच पिढ्या लुथरन आहेत. वडील खडकीला नोकरीला आले तेव्हा इथे तेलुगू उपासना एका क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत व्हायची. चपला जिन्यापर्यंत. ती खोली, मग एका शाळेचा वर्ग, मग हे देऊळ. एवढ्या वर्षांत आम्ही काय टिकवलं? भाषा आणि उपासनेचा क्रम. बाकी काही नव्हतंच टिकवायला.

एकत्र म्हटलं की मराठी होणार, कारण ते दोनशे आणि आम्ही ऐंशी. माझी आई बहात्तर वर्षांची आहे. भाजी मराठीत घेते, भांडते मराठीत, पण पापांगीकार, म्हणजे उपासनेतली पापांची कबुली, तिला तेलुगूतच येतो. महिन्यातून एक रविवार म्हणता म्हणता चारही रविवार जातील. मुलांना तर बरंच वाटेल, ती मराठी शाळेत वाढलीत. माझा मुलगा मला ‘बाबा, संदेश ट्रान्सलेट करू नका, कळतो’ म्हणतो आणि मला ते आवडत नाही.

सकाळची_उपासना

मी यजमान मंडळीतली. (यजमान हा शब्द मला आवडत नाही, पण धाग्यात तोच चालला आहे.)

खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिते. आमच्याकडे तक्रारी आहेत. सोमवारी महिला मंडळाला गेलं की बाकं वेगळ्याच रांगेत असतात. माइकची वायर कोणी तरी नेमकी उलटी गुंडाळतं. मागच्या पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) वेदीच्या पांढऱ्या कापडावर मेण सांडलं होतं, हाताच्या तळव्याएवढं. ते कापड माझ्या सासूबाईंनी दोन वर्षं भरून केलं होतं. मी कोणाला बोलले नाही. घरी नेलं, बर्फानं मेण कडक करून बोथट सुरीनं खरवडलं, मग खाली-वर खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवली. चार कागद गेले. आता डाग दिसत नाही, पण उजेडासमोर धरलं तर दिसतो.

आणि मी हेही सांगते की त्याच आठवड्यात सासूबाई हॉस्पिटलमध्ये होत्या, तर तुमच्यातल्या दोन नर्स ड्यूटी संपवून रोज त्यांच्याजवळ बसायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना कापडाचं माहीतसुद्धा नव्हतं.

किल्लीचं म्हणाल तर कपाटात आमचा प्याला आणि ताट आहे, चांदीचं. त्यामुळे आमचे पंच कचरतात. त्यात अविश्वास नाही, वय आहे. त्यांचं वय झालंय, रात्री झोप लागत नाही.

हौदाजवळचा

+१. पंचहौदाच्या गल्लीत वाढलो म्हणून एक अवांतर. १८९० मध्ये तिथल्या मिशनमध्ये नुसता चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्या लोकांना प्रायश्चित्ताच्या भानगडीत अडकावं लागलं होतं. पुण्यात कोणी कोणाकडे काय प्यालं हा प्रश्न जुना आहे. तुमचा प्रश्नही शेवटी कोणाच्या प्याल्यातून पितो हाच आहे ना? किल्ली निमित्त.

घोरपडीकरीण

वर कापडाचं वाचलं. मेणबत्ती मीच लावली होती. वारा होता, खिडकी लागत नव्हती. माफ करा ताई. कपाटातलं कापड पाहून मला वाटलं होतं की कोणाच्या लक्षात आलं नाही.

वसतिगृह_खोली_१४

माझं मराठी सांभाळून घ्या. मी झारखंडमधल्या गुमलाची, पुण्यात नर्स आहे, सात वर्षं झाली.

तेनालीच्या दादांना सांगायचं आहे. आमच्याकडे १८४५ मध्ये गोस्नर मिशनचे चार जर्मन मिशनरी रांचीत आले. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून सगळ्यांना देश सोडावा लागला. मग काही वर्षं अँग्लिकन बिशपनी आमच्या शाळा आणि मंडळ्या सांभाळल्या. सगळ्यांना वाटलं हे आता अँग्लिकन होणार. नाही झाले. १९१९ मध्ये आमची मंडळी स्वायत्त झाली, आपली आपण चालू लागली. आजीच्या वडिलांची गोष्ट आहे ही, आमच्या घरी सांगतात. दुसऱ्यानं सांभाळलं म्हणजे आपण संपतो असं नाही.

दुसरं. चारची वेळ आम्हाला जमत नाही. दुपारची ड्यूटी दोनला सुरू होते, सकाळची सुटून अंघोळ करून पोचेपर्यंत उपदेश संपतो. सकाळी साडेआठला, नाइट करून, सरळ जाता येतं. मी तीन वर्षं सकाळीच जाते आहे. मागच्या बाकावर बसते. प्रभुभोजनाला उठत नाही, कारण मला माहीत नाही मी उठायचं की नाही. कोणी नको म्हणालं नाही. कोणी ये पण म्हणालं नाही.

तिसरं लिहू की नको कळत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहातली एक मुलगी गेली, डेंग्यूनं. तिची माणसं गाडीनं दोन दिवसांनी पोचणार होती. दफन कुठे करायचं? एका ठिकाणी फोन केला तर विचारलं, ती आमच्या रजिस्टरमध्ये आहे का. दुसऱ्या ठिकाणी पण तेच. ती कोणाच्याच रजिस्टरमध्ये नव्हती, गावच्या होती. आमचे पाळक बाहेरगावी. संध्याकाळी सकाळच्या मंडळीचे पाळकसाहेब आले, स्वतः फोन केले, जागा मिळवली. पाऊस होता. त्यांनी मराठीत प्रार्थना केली, आम्ही सादरीत, आमच्याकडच्या बोलीत, गाणं म्हटलं, कारण तिला तेच यायचं. त्यांनी विचारलं नाही ती लुथरन की काय.

येत्या वर्षासाठी मला एवढंच पाहिजे की ते रजिस्टर एक असावं. नाही तर दोन्हीकडे नाव असावं.

तेनालीचा_पुणेकर

मी त्या दिवशी हैदराबादला होतो. मला हे कोणी एवढं सांगितलंच नव्हतं.

नास्तिक_नाना

बाहेरचा आहे, रागावू नका. मला वाटायचं ख्रिस्ती म्हणजे एकच. हे तर सोसायटीच्या पार्किंगसारखं आहे. तुमच्यात जात नाही म्हणता, पण पंथ, भाषा, मिशन हे काय वेगळं आहे?

घोरपडीकरीण

नाना, जात नाही असं मी तरी कधी म्हटलं नाही. ती चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही, लग्नाचं बोलणं निघालं की आत येते. पंथाचं मात्र थोडं वेगळं आहे, त्यावर कोणी शिकलेल्यानं लिहावं.

खडू_आणि_फळा

शिकलेला नाही, सेमिनरीत दोन वर्षं काढून शाळामास्तर झालो. पण हा विषय माझ्या आवडीचा आहे.

१५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात लुथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले. झ्विंगली झुरिचचा, चर्चसुधारणेच्या दुसऱ्या, म्हणजे रिफॉर्म्ड शाखेचा. पंधरा मुद्दे होते. चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातही बरंचसं जुळलं, एकच गाठ सुटेना: भाकरीत आणि द्राक्षरसात ख्रिस्ताचं शरीर व रक्त खरोखर असतं की ती आठवणीची खूण? लुथरनं खडूनं टेबलावर लिहिलं, ‘हे माझे शरीर आहे’, आणि वर कापड टाकलं. वाद रंगला तेव्हा कापड उचलून दाखवलं. मला तो खडू फार आवडतो. मी वर्गात हेच करतो, फक्त वर डस्टर ठेवतो.

त्या एका मुद्द्यावरून वेदी वेगळ्या झाल्या त्या युरोपात १९७३ पर्यंत. त्या वर्षी लॉयनबर्ग करार झाला आणि लुथरन व रिफॉर्म्ड मंडळ्यांनी एकमेकांचं व्यासपीठ आणि वेदी मान्य केली. साडेचारशे वर्षं! रोमन कॅथलिकांशीसुद्धा १९९९ मध्ये, मुद्दाम ३१ ऑक्टोबर गाठून, नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर संयुक्त घोषणा झाली. एकत्र प्रभुभोजन मात्र त्यातून आलेलं नाही. करार आणि ताट यांत अंतर असतं.

तेनालीच्या मित्राला आधार हवा असेल तर तो त्याच्याच घरात आहे. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीचा सातवा लेख वाचा. मंडळीच्या खऱ्या एकतेला शुभवर्तमानाची शिकवण आणि संस्कारांचं (बाप्तिस्मा, प्रभुभोजन) आचरण यांवर एकमत पुरेसं आहे. माणसांनी घातलेले रीतिरिवाज सगळीकडे सारखे असण्याची गरज नाही. म्हणजे तुमच्या आईनं तेलुगूत पापांगीकार म्हणणं हे एकतेच्या आड येत नाही. आड येईल ते ‘संस्कारांचं आचरण’. तिथे घाई करू नका. महिन्यातून एक संयुक्त उपासना प्रभुभोजनाशिवाय सुरू करा, आणि दोन्हीकडच्या वरिष्ठांना लेखी विचारा. पाळकांच्या आपसांतल्या समजुतीवर चालवलंत तर पाळक बदलला की बंद.

खोली १४ च्या ताईंना: तुम्ही उठायचं की नाही याचं उत्तर मी द्यायचं नाही, पाळकसाहेबांनी द्यायचं. पण तीन वर्षं हा प्रश्न घेऊन कोणी मागच्या बाकावर बसलेलं असतं हे वार्षिक अहवालात यायला हवं.

खडूस_काका

ईश्वरविज्ञान झालं, आता पैसे. संयुक्त उपासनेला अर्पण कोणाचं? तुमचे ट्रस्ट दोन, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी वेगवेगळी, दोघांना आपापले हिशेब तपासून घ्यावे लागतात. एकाच थैलीत गोळा करून नंतर ‘अर्धं अर्धं’ कराल तर दोन्ही वह्या बिघडतील आणि वर्षाअखेरीस मला कोणी तरी फोन करेल. दोन थैल्या फिरवा, किंवा एक महिना त्यांचं, एक महिना तुमचं, आणि तसा ठराव लिहून ठेवा. आजाऱ्यांसाठी वेगळी रक्कम काढायची असेल तर खर्च कोणत्या ट्रस्टमधून हे आधी ठरवा.

झाडूवाल्या मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवला होता? हा प्रश्न मी दोन्ही मंडळींना विचारतो आहे.

सकाळची_उपासना

काका, गप्प बसले. (चार वर्षं झाली.)

सायकलवाला

मला वादात पडायचं नाही. मला चाकाबद्दल बोलायचं आहे.

आगमनकाळाचं चक्र, ज्यात दर रविवारी एक मेणबत्ती वाढते, ते १८३९ मध्ये हॅम्बुर्गमधल्या योहान हिन्रिख विखर्न या लुथरन पाळकानं सुरू केलं. तो गरीब मुलांचं घर चालवायचा. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्यानं गाडीचं जुनं चाक घेतलं, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या. आता ते कॅथलिकांपासून मेथडिस्टांपर्यंत सगळीकडे आहे, पण मूळ तुमचं. आणि मूळ चाक होतं, ऑनलाइन मिळतं ते प्लास्टिकच्या पानांचं रिंगण नव्हे.

पुण्यात सायकलच्या चाकाला काय तोटा? मी रविवारी जुन्या बाजारात जातो तसा गेलो, सव्वीस इंची रिम घेतली, आऱ्या काढलेली, गंजलेली. पॉलिश पेपरनं घासतोय. चार ठिकाणी पत्र्याच्या वाट्या बसवणार म्हणजे मेण कापडावर सांडणार नाही (वरचा सगळा धागा वाचला आहे). दोन्ही मंडळ्यांना एकच चाक. सकाळी त्यांनी पेटवायची, दुपारी तुम्ही. मेणबत्ती अर्धी जळालेली मिळेल, चालेल ना?

घोरपडीकरीण

धागा वर काढते. सभा झाली.

सभेआधी दोन्हीकडचे पंच एकत्र बसले, चहाला. चहा मावशींनी केला आणि त्यांच्यासमोरच पगार वाढवायचं ठरलं, कारण त्या कप गोळा करायला थांबल्या आणि गेल्याच नाहीत.

संडे स्कूल जानेवारीपासून एकत्र, सकाळी. मुलं मराठीत शिकतील, पण दर रविवारचं पाठांतराचं वचन आपापल्या भाषेत घरून पाठ करून यायचं. ही तेनालीच्या दादांचीच सूचना. उपवासकाळातल्या बुधवारच्या सभा एकत्र, आळीपाळीनं संदेश. महिन्यातला तिसरा रविवार संयुक्त, तूर्त प्रभुभोजनाशिवाय. क्रम आमचा, भजनं त्यांची. पहिल्या रविवारी चारला तेलुगू उपासना जशीच्या तशी, हे ठरावात लिहून घेतलं आहे. प्रभुभोजनाबद्दल दोन पत्रं गेली आहेत, दोन पत्त्यांवर. उत्तर येईल तेव्हा येईल.

रजिस्टरवर सगळ्यात जास्त वेळ गेला. एक करता येत नाही, सभासदत्व आणि मतदान अडकतं. पण वसतिगृहात किंवा भाड्यानं एकट्या राहणाऱ्यांची एक वही दोन्ही पाळकांकडे राहील: नाव, गावची मंडळी, घरचा फोन, रक्तगट. वहीत नाव असलेल्याच्या दफनासाठी सकाळची मंडळी आपल्या सभासदासारखीच शिफारस देईल. त्यांचे सगळ्यात वयस्कर पंच, तेच झोप न येणारे, ते म्हणाले हे लिहा आणि माझी सही घ्या. पहिलं नाव खोली १४ नं लिहिलं. तिनं स्वतःचं नाही लिहिलं, जी गेली तिचं लिहिलं. कोणी खोडलं नाही.

तेनालीचा_पुणेकर

आई विचारते आहे, तिसऱ्या रविवारी तिनं यायचं का. मी म्हटलं, तुला कळणार नाही. म्हणाली, दफनाला त्या पोरींना मराठी कळत होतं का.

सकाळची_उपासना

यावं त्यांनी. मी शेजारी बसेन.

एक कामाचं: प्रभुभोजनाचा रस मी करते. काळ्या मनुका रात्री कोमट पाण्यात भिजवायच्या, सकाळी मंद आचेवर उकळून मलमलीतून गाळायच्या. साखर नाही. आमच्यापुरत्या अर्धा किलो लागतात. तुमच्या पाळकांच्या रविवारी तुम्ही कुठून आणता? रस मीच जास्त करून ठेवला तर चालेल की पत्राच्या उत्तराची वाट पाहायची?

खडू_आणि_फळा

मनुकांना परवानगी लागत नाही. करा.

सायकलवाला

चाक बसवलं. एका बाजूला किंचित वाकडं आहे, पहिली मेणबत्ती भिंतीच्या बाजूला ठेवा.

खडूस_काका

हे सगळं ठीक. किल्लीचं काय झालं?

घोरपडीकरीण

पूलगेटजवळच्या किल्लीवाल्याकडून दोन करून घेतल्या. आता एकूण तीन आहेत. एक त्यांच्या पंचांकडे, एक माझ्याकडे, आणि तिसरी कुठे गेली ते दोन्ही मंडळ्या मिळून शोधत आहेत.